विचारा, सांगते : बेसमेंटमधली दौलत

एरवी या पानावर सुनांचे, सोसायटीच्या पार्किंगचे आणि लोणच्याला आलेल्या बुरशीचे प्रश्न असतात. मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की अमेरिकेत असताना चार वर्षं एका गिफ्ट शॉपच्या काउंटरवर उभी होते, आणि टपालात खेळणीच खेळणी आली. त्यातली तीन पत्रं घेते. पहिल्याला उत्तर लांबणार आहे, आधीच सांगते.

प्रश्न : ताई, आम्ही इलिनॉयमध्ये ऑरोराला राहतो. बाबा गेल्यावर आईनं मोठं घर विकायचं ठरवलं. बेसमेंट आवरताना दोन मोठे प्लॅस्टिकचे टब निघाले. आत बीनी बेबीज, ते छोटे मऊ कापडी खेळण्यातले प्राणी, मोजून २१४! प्रत्येकाच्या कानातल्या बदामाच्या आकाराच्या लाल टॅगला प्लॅस्टिकचं कव्हर. भावानं इंटरनेटवर जांभळं अस्वल पाच लाख डॉलरला लावलेलं पाहिलं आणि तेव्हापासून तो टबांपासून हलत नाही. आई म्हणते, 'हे तुमच्या कॉलेजसाठी ठेवलं होतं.' आमची कॉलेजं होऊन वीस वर्षं झाली, कर्जंसुद्धा फिटली. इथल्या दुकानदारांना विचारलं तर ते हसतात. याला खरंच किंमत आहे का? नसेल तर तेव्हा लोक वेड्यासारख्या रांगा का लावत होते? आणि आईला कसं सांगू?
— एक लेक, ऑरोरा

उत्तर : अगं, आधी भावाला सांग, टब उघडे टाकून खुशाल झोप. चोरसुद्धा नेणार नाही.

पाच लाख ही त्या अस्वलाची लावलेली किंमत आहे, आलेली नव्हे. लावायला काय, मी माझा जुना मिक्सर पाच लाखांना लावीन. ई-बे या खरेदी-विक्रीच्या वेबसाइटवर 'सोल्ड' अशी एक खूण करायची सोय आहे. ती केली की प्रत्यक्षात विकलेल्या मालाचेच भाव दिसतात. भावाला शेजारी बसवून ते पाहा. जांभळं 'प्रिन्सेस' अस्वल सर्वसाधारणपणे चार पैशांत जातं, म्हणजे एखाद्या साध्या जेवणाच्या किमतीत. बाकीचे प्राणी तर ढिगानंच विकले जातात, पन्नासाचा एक वाटा असे. अपवाद आहेत, पण ते अगदी सुरुवातीच्या मालात. उदाहरणार्थ, 'पीनट' नावाचा गडद निळा हत्ती. १९९५ मध्ये रंग चुकून गडद झाला, साधारण दोन हजार नग निघाले आणि मग कंपनीनं फिकट निळा सुरू केला. तुमच्या टबात निळा हत्ती असेल तर खिडकीपाशी नेऊन बघ. फिकट असणार, पण बघ.

आता रांगांचं. तुझ्या आईला तू वेडी समजत असशील तर थांब. हे वेड जिथे सुरू झालं, त्या नेपरव्हिलमध्येच आम्ही राहत होतो, तुमच्या ऑरोराच्या शेजारी. कंपनी टाय वॉर्नर यांची. त्यांचं ऑफिस आधी ओक ब्रूकला, नंतर वेस्टमाँटला, म्हणजे आमच्या घरून गाडीनं विसेक मिनिटं. १९९३ मध्ये त्यांनी नऊ प्राणी काढले : बेडूक, डुक्कर, कुत्रा, डॉल्फिन, देवमासा, मूस नावाचं मोठं हरीण, प्लॅटिपस, अस्वल आणि शेवंडासारखा एक लाल लॉबस्टर. पोटात कापसाबरोबर प्लॅस्टिकचे बारीक दाणे, आणि तेही मुद्दाम कमी भरलेले, म्हणजे प्राणी हातात लुळा पडतो, बसवाल तसा बसतो. सुरुवातीला दुकानदारांनी नाकं मुरडली होती. हा प्राणी आहे की गाडीखाली आलेलं काहीतरी, असं म्हणत.

वॉर्नर यांनी दोन गोष्टी केल्या. एक, माल वॉलमार्टसारख्या बड्या दुकानांना दिलाच नाही. फक्त आमच्यासारख्या छोट्या गिफ्ट शॉप्सना, तोही मोजून. त्यामुळे एका दुकानात बेडूक आहे तर डुक्कर नाही, दुसरीकडे उलटं. दोन, एखादा प्राणी बंद करायचा आणि तो 'रिटायर' झाला म्हणून जाहीर करायचं. 'माल संपला' म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो. 'रिटायर झाला' म्हटलं की त्याच्या पोटात गोळा येतो. नेपरव्हिलमधल्या काही गृहिणींना या अर्धवट संचांचा चाळा लागला. त्या देशभरच्या दुकानांना फोन करायच्या, काय आहे, काय संपलं याच्या याद्या करायच्या. त्या याद्यांचीच पुढे किमती सांगणारी पुस्तकं झाली. टॅगमधल्या चार ओळींच्या कविता आणि वाढदिवसाच्या तारखा सुचवल्या लीना त्रिवेदी नावाच्या एका भारतीय वंशाच्या कॉलेजातल्या मुलीनं. ती तिथे नोकरीला होती. कंपनीची वेबसाइट काढा असंही तिनंच सुचवलं, १९९५च्या सुमारास, जेव्हा आमच्याकडे फोनच्या तारेवरून इंटरनेट लावलं की घरचा फोन बंद पडायचा.

मी काउंटरवर लागले १९९६ मध्ये. ग्रीन कार्ड हातात आलं आणि ही पहिली नोकरी. पहिल्या वर्षी मालकीणबाई खोकं माझ्याकडून बंद दाराआड उघडवत. मला त्या खोक्याचा आवाज अजून आठवतो. हलवलं की आत वाळू सरकल्यासारखा आवाज यायचा, आणि बाहेर उभ्या बायकांना तो काचेतून ऐकू येतो की काय अशी मला भीती वाटायची. माणशी दोन असा नियम होता. जानेवारीत, उणे पंधरात, सकाळी सात वाजता लोक थर्मास घेऊन उभे असायचे. १९९७च्या एप्रिलमध्ये मॅकडोनाल्डनं हॅपी मीलबरोबर छोट्या बीनी दिल्या. पाच आठवड्यांसाठी काढलेल्या दहा कोटी बीनी दोनेक आठवड्यांत संपल्या. मी स्वतः बघितलंय, लोक खेळणं पिशवीत टाकायचे आणि बर्गर, बटाटे तिथल्या बाकावर ठेवून चालू पडायचे. आमच्या यांना तेव्हाच शंका यायला हवी होती, कारण दहा कोटी म्हणजे दुर्मीळ कसं? पण हे इंजिनिअर. त्यांनी एक्सेलमध्ये किमतींच्या पुस्तकातले आकडे भरले आणि 'दरसाल दर शेकडा' काढून मला दाखवलं की मुलाचं कॉलेज २०१० मध्ये अकरा बीनीत निघतं. अकरा! मी म्हटलं, बारा घेऊ, एक खेळायला.

तर मग बिघडलं कुठे? लोक म्हणतात, कंपनीनं फार काढल्या. खरंच आहे. प्रिन्सेस अस्वल घे. डायना गेल्यावर १९९७च्या ऑक्टोबरमध्ये ते जाहीर झालं, नफा तिच्या नावाच्या निधीला जाणार होता. पहिल्या खेपेला आम्हाला आली बारा. बायकांनी चिठ्ठ्या टाकल्या. ज्यांना मिळालं नाही त्यातली एक काउंटरवर डोकं ठेवून रडली. मला काय बोलावं कळेना, मी तिला पेपर नॅपकिन दिला. वर्षभरात तीच अस्वलं खोक्यांनी आली. शोकेसमध्ये बारा, खाली कपाटात छत्तीस, मागच्या खोलीत आणखी. शिवाय एकेका वेळी डझन-दोन डझन नवे प्राणी, मोठ्या आकाराचे 'बडी', क्लबाची कार्डं. १९९८ मध्ये कंपनीची विक्री एक अब्ज डॉलरच्या पुढे गेली होती. त्या वर्षी क्लिंटन यांच्या चीन दौऱ्यात त्यांच्या व्यापार प्रतिनिधी शार्लीन बार्शेफ्स्की यांनी डझनावारी बीनी घेतल्या आणि परत आल्यावर त्यांना त्या सोडून द्याव्या लागल्या, कारण बाहेरून माणशी एकच आणायची परवानगी होती. ही पेपरात आलेली बातमी आहे, माझी चहाडी नाही.

पण कंपनीपेक्षा आपण सगळ्यांनी जे केलं ते मला महत्त्वाचं वाटतं. माझं माहेर लासलगावकडचं. कांद्याचा भाव चढला की सगळे पुढच्या हंगामात कांदा लावतात, सगळेच कांदाचाळीत भरतात, सगळेच भाव वाढायची वाट बघतात, आणि मग सगळ्यांचे ट्रॅक्टर एकाच आठवड्यात मार्केटला. ही गोष्ट मी लहानपणापासून बघत आले. बीनीचंही तेच झालं, एका फरकानं. कांदा निदान सडतो. चाळीत भरलेल्यातला काही खराब होतो, उरलेल्याला भाव येतो. बीनी सडत नाही. एकेका प्राण्याला आम्ही टॅगचं कव्हर घातलं, टबात वाळा ठेवला, बेसमेंटमध्ये ओल खेचणारं यंत्र चालवलं. आजीच्या काळातली खेळणी आज महाग का, तर बहुतेक पोरांनी ती तोडली, आयांनी टाकून दिली, उंदरांनी खाल्ली, आणि त्यातून चुकून एखादं उरलं. बीनीतलं एकही चुकून उरलेलं नाही. सगळ्याच्या सगळ्या उरल्यात, तुझ्या २१४सारख्या, नव्याकोऱ्या. दुर्मीळ वस्तू जपायची असते इतकंच आम्हाला माहीत होतं. कोट्यवधी लोकांनी जपली की ती दुर्मीळ राहत नाही, हे कोणाच्या एक्सेलमध्ये नव्हतं.

आणि विकत कोण घेत होतं? शेवटच्या वर्षात माझ्या काउंटरवर मूल क्वचित यायचं. ई-बे तेव्हा नवीन होतं, एका काळात त्याच्या धंद्यातला जवळजवळ दहावा हिस्सा एकट्या बीनींचा होता. म्हणजे माझ्याकडून घेतलेलं अस्वल ही बाई त्या बाईला विकायची, ती तिसरीला. सगळ्याच जणी विकायला बसलेल्या आणि घेणारीही विकण्यासाठीच घेणारी. १९९९च्या नोव्हेंबरमध्ये लास व्हेगासच्या कोर्टात घटस्फोट घेणारं एक जोडपं जमिनीवर उकिडवं बसून बीनी वाटून घेत होतं, एक तुला, एक मला. तो फोटो आमच्या दुकानात टाचणीनं लावला होता. सगळे हसले. महिनाभर तो तिथेच होता, आणि हसणं हळूहळू बंद झालं.

३१ ऑगस्ट १९९९ ला कंपनीनं जाहीर केलं की वर्षअखेरीस सगळ्याच बीनी बंद. शेवटच्या काळ्या अस्वलाचं नावच 'दि एंड'. आमच्या मालकीणबाईंनी कर्ज काढून माल भरला. पुढे डिसेंबरमध्ये कंपनी म्हणाली, तुम्हीच मत द्या, बीनी ठेवायच्या की नाही. एका मताला पन्नास सेंट, पैसे एड्सग्रस्त मुलांच्या संस्थेला. ९१ टक्के लोक 'ठेवा' म्हणाले. ठेवल्या. नाटकात मेलेल्या पात्रानं उठून पडद्यापुढे येऊन नमस्कार करावा तसं झालं. ते नाटकात बरं दिसतं, पण त्यानंतर 'रिटायर' या शब्दाला आमच्या काउंटरवर कोणी मान वर करून बघेना. २००० च्या वसंतात आम्ही पाटी लावली, पाच बीनी दहा डॉलरला. मग ग्रीटिंग कार्डावर एक फुकट. एक म्हातारी बाई, १९९७ ला रांगेत पहिली असायची ती, कार्ड घेऊन आली. मी अस्वल पुढे केलं. तिनं माझ्याकडे बघितलं, अगदी हळू आवाजात म्हणाली, "नो थँक यू, डिअर," आणि अस्वल माझ्याकडे परत सरकवलं, बोटांच्या टोकांनी. मी ते परत ठेवलं. उन्हाळ्यात दुकान बंद झालं.

(वॉर्नर यांचं काय झालं असं विचारशील. २०१३ मध्ये स्विस बँकेतलं खातं लपवून कर चुकवल्याचा गुन्हा त्यांनी कबूल केला, पाच कोटींहून जास्त डॉलर दंड भरला, आणि तुरुंगाऐवजी दोन वर्षांचं प्रोबेशन आणि पाचशे तास समाजसेवा मिळाली. आमच्या मालकीणबाईंच्या वाट्याला आलं ते बँकेचं पत्र.)

आता आईचं. तिला भावाचे स्क्रीनशॉट दाखवू नकोस. ई-बेचं तर नावच काढू नकोस. तिच्यासमोर टब उघड, एकेक प्राणी बाहेर काढ आणि विचार, हा कुठून घेतला? मी सांगते काय होईल. ती तुला सांगेल की हा डाउनर्स ग्रोव्हच्या दुकानात, त्या दिवशी बर्फ पडत होतं, बाबांनी गाडी चालू ठेवली होती, आणि रांगेत पुढची बाई पोलिश होती, तिनं अर्धं सँडविच दिलं. नेपरव्हिलला आलेल्या आम्हा बायकांना पहिली दोन वर्षं नवरा, मूल आणि कॅशियर सोडून बोलायला कोणी नव्हतं. रांगेत उभं राहिलं की दीड तास बोलणं व्हायचं. माझं इंग्रजी त्या रांगेनं सुधारलं. कॉलेजचा खर्च हे आम्ही नवऱ्यांना दिलेलं कारण होतं, आणि आईनं ते इतक्यांदा दिलं असेल की तिलाही खरं वाटायला लागलं असेल. २१४ गुणिले साधारण पाच-सहा डॉलर, म्हणजे बाराशेच्या आसपास गेले, पाच-सहा वर्षांत. फार नाही गं.

दहा-बारा तिच्यासाठी ठेव, तिनं निवडलेले. बाकी गठ्ठ्यानं विकून टाक नाहीतर वाट. मुलांच्या हॉस्पिटलांत बहुधा वापरलेली कापडी खेळणी घेत नाहीत, आधी फोन कर. आणि टॅगवर 'ओरिजिनल'मध्ये एक 'आय' जास्त छापलाय म्हणून किंमत वाढते असं कोणी सांगितलं तर चहा पाजून पाठवून दे. ती चूक लाखो टॅगवर आहे.

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची, बाणेरला आयटीत आहे. तिच्या बॅगेला ते दात विचकणारं लबूबू नावाचं बाहुलं लटकलेलं असतं. आता ती आणखी काही सीलबंद डबे घेऊन 'गुंतवणूक म्हणून' ठेवायचं म्हणते. मी बँकेतून निवृत्त झालो. एफडीबद्दल बोललो की ती डोळे फिरवते. तुम्ही तिला समजावाल का?
— एक वडील, पुणे

उत्तर : नाही समजावणार. २४ वर्षांच्या मुलीला मी समजावलं तर ती दोन डबे जास्त घेईल. तुम्हाला मात्र थोडं सांगते, म्हणजे जेवताना बोलायला विषय होईल.

लबूबू हे हाँगकाँगला जन्मलेल्या आणि नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लुंग या चित्रकाराचं पात्र, २०१५ मधलं. २०१९ पासून ते चीनची पॉप मार्ट ही कंपनी विकते. डबा बंद असतो, आत कोणतं निघेल ते कळत नाही, आणि 'सिक्रेट' म्हणतात ते ७२ डब्यांत एखादं. म्हणजे वॉर्नर यांनी जे दुकानं बदलून केलं, ते यांनी डब्यातच बसवलं. शाळेसमोर रुपयाला चिठ्ठी काढायला लावणारा सोडतवाला आठवतो ना? तोच, फक्त आता मॉलमध्ये. २०२४ मध्ये ब्लॅकपिंक या कोरियन पॉप बँडमधल्या लिसानं बॅगेला लबूबू लावलं आणि पुढे काय झालं ते तुमच्या घरात लटकलंय.

आता मुलीला एकच विचारा, कंपनी किती काढते? पॉप मार्टनं २०२५च्या ऑगस्टमध्ये सांगितलं की मऊ खेळणी महिन्याला सुमारे ३ कोटी काढायची ताकद आता आहे, आदल्या वर्षाच्या दहापट. त्याच वर्षी जूनमध्ये बीजिंगला माणसाएवढं एक लबूबू लिलावात १० लाख युआनच्या वर गेलं, पेपरात फोटो आले. आणि त्याच महिन्यात कंपनीनं ऑनलाइन भरपूर माल सोडला तर दुसऱ्या हातानं विकणाऱ्यांचे भाव धाडकन खाली आले. दोन्ही बातम्या एकाच महिन्यातल्या. माणूस पहिली बघतो.

कंपनीच्या बाजूनं विचार केला तर तिचं चुकलंही नाही. रांगेत उभ्या पोरांना माल द्यायचा, की काळ्या बाजारवाल्याला द्यायचा? माल दिला तर जादू जाते, नाही दिला तर नकली माल येतो. लबूबूच्या नकलांना 'लफूफू' असं नावसुद्धा पडलंय. यातून वाट काढलेला खेळणीवाला मी तरी पाहिला नाही. अमेरिकेतल्या फंको कंपनीचं बघा, मोठ्या डोक्याची, काळ्या डोळ्यांची 'पॉप' बाहुली काढणारी. प्रत्येक सिनेमाचं, प्रत्येक मालिकेचं प्रत्येक पात्र त्यांनी काढलं, पुढे मागणी बसली, आणि २०२३च्या मार्चमध्ये जाहीर केलं की ३ ते ३.६ कोटी डॉलरचा माल नष्ट करणार, कारण ॲरिझोनातलं गोदाम भरून वाहतंय आणि ठेवायचं भाडं मालापेक्षा महाग पडतंय. गाजराची पुंगी निदान मोडून खाता येते. प्लॅस्टिकची बाहुली दळून टाकण्यासाठीही पैसे मोजावे लागतात.

माझा हिशेब असा, की बॅगेला लटकलेलं लबूबू वसूल झालं. रोज दिसतं, कोणी विचारतं, ती हसते. सीलबंद डबा मात्र कोणासाठी आहे? तिच्यासारख्याच दुसऱ्या एकीसाठी, जी तो न उघडता तिसरीला विकणार. आणि एक, तुम्ही स्वतः १९९२ मध्ये, हर्षद मेहताच्या लाटेत, शेअर घेतले होते का? घेतले असतील तर मुलीला ते आधी सांगा. मग एफडीचं काढा.

प्रश्न : माझ्या जावेनं अमेरिकेहून आणलेली एक बीनी, डुक्कर आहे, पंचवीस वर्षं शोकेसमध्ये होती. आता नात दोन वर्षांची झाली, ती हात पुढे करते. टॅग कापून देऊ का? किंमत जाईल असं जाऊ म्हणते.
— एक आजी, नागपूर

उत्तर : जावेला वरचं पहिलं उत्तर वाचून दाखवा. टॅग कापा, पण लगेच देऊ नका. आत प्लॅस्टिकचे दाणे आहेत आणि डोळे टणक बटणासारखे. दोन वर्षांचं मूल सगळं तोंडात घालतं. तिसरं लागू द्या, आणि तोपर्यंत शिवण ओढून बघा. इतक्या वर्षांत दोरा कुजलेला असतो. धुवायचं नाही, ओल्या फडक्यानं पुसायचं.

आमच्या अकरा बीनी भारतात येताना नेपरव्हिलला गॅरेज सेलमध्ये गेल्या, तीन डॉलरला सगळ्या, आणि यांनी एक्सेलची फाइल डिलीट केली. बारावी खेळायला घेतलेली, तेच डुक्कर, स्क्वीलर. मुलानं ते फरपटून फरपटून फोडलं. दाणे कार्पेटभर झाले, महिनाभर पायाला लागत होते. तेव्हा माझी आई सहा महिन्यांसाठी आली होती. तिनं ते डुक्कर उचललं, रिकाम्या पोटात बोट घालून बघितलं आणि म्हणाली, "पाच डॉलर घेतले आणि मेल्यांनी अर्धपोटीच ठेवलंय याला." मग पटेल ब्रदर्स या तिथल्या भारतीय किराणा दुकानातून मी राईचं पाकीट आणलं. बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी शिवतो ना आपण, तशी तिनं आत मलमलची पिशवी शिवली, राई गच्च भरली आणि वरून गोधडीच्या टाक्यानं बंद केलं. डुक्कर ताठ बसायला लागलं, पूर्वी कधी बसत नव्हतं तसं.

ते आता माझ्या नातीकडे आहे, नाशिकला. टॅग नाही, एक डोळा गेलाय, तिथे काळं बटण आहे. पावसाळा लागायच्या आधी मी त्याला गच्चीवर कुरडयांशेजारी ऊन दाखवते.